नादारीच्या अर्जासाठी घरखर्चाचा तक्ता: प्रत्येक आकडा शपथेवर टिकला पाहिजे

नाशिकमधल्या नोकरदाराला, दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला कर्ज फेडणे खरोखरच अशक्य झाले, तर नादार जाहीर होण्याचा अर्ज आजही १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली करावा लागतो. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली हे खरे. पण तिचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. त्या संहितेतली अल्प उत्पन्नवाल्यांसाठीची ‘नवी सुरुवात’ ही तरतूद वाचून बरेच जण आशेने चौकशी करतात; सर्वसामान्य कर्जदाराला ती अजून उपलब्ध नाही. तेव्हा वाट जिल्हा न्यायालयाचीच. राज्य सरकार दुय्यम न्यायालयालाही हा अधिकार देऊ शकते, म्हणून मालेगाव, निफाड भागातल्यांनी अर्ज नेमका कुठे दाखल होईल हे आधी वकिलाकडून पक्के करून घ्यावे.

१९२० च्या या कायद्यात घरखर्चाच्या तक्त्याचा छापील नमुना नाही. कलम १३ प्रमाणे अर्जात लागते ते असे: कर्ज फेडता येत नाही असे निवेदन, राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण, सर्व धनकोंची (ज्यांचे देणे आहे त्यांची) नावे-पत्ते आणि रकमा, स्वतःच्या सर्व मालमत्तेचा तपशील व किंमत, ती न्यायालयाच्या ताब्यात देण्याची तयारी आणि पूर्वी असा अर्ज केला होता का याचा खुलासा. मग तक्ता कशासाठी? तो तीन वेळा कामाला येतो. पहिल्या सुनावणीत ‘फेडता येत नाही’ हे प्रथमदर्शनी पटवून द्यावे लागते तेव्हा. पुढे धनको ‘यांनी उधळपट्टी केली’ असा आक्षेप घेतात तेव्हा. कारण कलम ४२ मध्ये अवाजवी उधळपट्टी, जुगार आणि बेफाम सट्टा ही पूर्ण विमुक्ती (उरलेल्या कर्जातून सुटका) नाकारण्याची कारणे दिलेली आहेत. आणि शेवटी विमुक्तीचा आदेश देताना न्यायालय पुढच्या कमाईवर अट घालू शकते तेव्हा. महिन्याला किती भरायला लावायचे हे तुमच्या तक्त्यावरूनच ठरणार असेल, तर तो तक्ता खरा असण्यात सर्वात मोठे हित तुमचेच आहे.

तक्ता फुगवला तर काय होते हे सगळ्यांना कळते. कापून कापून बारीक केला तर काय होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. त्याकडे पुढे येऊच.

आधी कागद, मग आकडे

आठवणीतून आकडे लिहायला बसू नका. घरात सगळ्यांना किराण्याचा खर्च ‘चार-पाच हजार’ वाटतो आणि वही ठेवली की तो साडेसहा निघतो. पुढील कागद एका फाईलमध्ये लावा:

- सर्व बँक खात्यांचे मागच्या १२ महिन्यांचे उतारे, बंद पडलेल्या खात्यांसकट
- ६ महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, आणि भरली असतील तर ३ वर्षांची आयकर विवरणपत्रे
- महावितरणची १२ महिन्यांची बिले, भाडेकरार, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या
- शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या
- प्रत्येक कर्जाचा मंजुरी कागद आणि ताजा खातेउतारा
- व्यवसाय असेल तर ३ वर्षांच्या हिशोबाच्या वह्या. अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांत धंद्याला साजेशा वह्या ठेवल्या नाहीत, हाही विमुक्तीला आडवा येणारा मुद्दा आहे.

यासोबत ३ महिने रोजची वही ठेवा. साधी शंभर पानी वही चालते. तारीख, कशासाठी, किती, रोख की यूपीआय, एवढे चारच रकाने. यूपीआयच्या उताऱ्यात नुसते माणसाचे नाव येते. तो भाजीवाला होता, शिकवणीचे सर होते की उसने परत केले, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही आणि समोरचा वकील नेमके तेच विचारतो. म्हणून रोज रात्री दोन मिनिटे.

तीन महिने थांबायला वेळ नसेल, पगारावर जप्ती येऊन ठेपली असेल, तर एका महिन्याची वही आणि १२ महिन्यांचे उतारे यांवर काम भागवा. पण वही सुरू ठेवा. अर्ज दाखल झाला म्हणून ती बंद करू नका.

धनकोंची यादी तक्त्याबाहेर ठेवा

सर्वात जास्त घोळ इथे होतो. घरखर्चाच्या तक्त्यात विनातारण कर्जाचे हप्ते लिहायचे नाहीत. भाडे, दूध, फी हा खर्च आहे. वैयक्तिक कर्जाचा आणि क्रेडिट कार्डाचा हप्ता हे कर्ज आहे, ते वेगळ्या पानावर. दोन्ही एकत्र केले की ‘खर्च ६५ हजार, पगार २९ हजार’ असे चित्र दिसते आणि वाचणाऱ्याला पहिली शंका उधळपट्टीचीच येते.

यादीसाठी ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल काढा. एकात नसलेले कर्ज दुसऱ्यात सापडते. गावातल्या पतसंस्थेचे, कंपनीतल्या कामगार सोसायटीचे, भिशीचे, मेहुण्याचे आणि सावकाराचे देणे मात्र त्यांत दिसेलच असे नाही. ते हाताने लिहा. मोबाईल ॲपवरच्या कर्जात ॲपचे नाव धनको म्हणून लिहू नका. पैसे देणारी वित्तसंस्था निराळी असते आणि तिचे नाव कर्जाच्या मुख्य तथ्य पत्रकात (की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये) असते. नोटीस जाईल ती त्या संस्थेला. पत्ता चुकला की तारखा वाढतात.

प्रत्येक देण्यापुढे चार गोष्टी लिहा: मूळ रक्कम, आज बाकी, तारण आहे का, जामीनदार कोण. जामीनदाराचा रकाना फार महत्त्वाचा. तुम्हाला विमुक्ती मिळाली तरी तुमचा जामीनदार किंवा सहकर्जदार सुटत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला बहुधा दोन जामीनदार असतात, तेही एकाच खात्यात काम करणारे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की त्यांच्याही पगारावर वसुली येऊ शकते. त्यांना हे अर्जाच्या आधी सांगा, नोटिशीतून कळू देऊ नका.

सावकाराच्या देण्याबाबत आणखी एक. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकाराला परवाना लागतो आणि त्याला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. यादीत त्याचे नाव लिहायचेच, पण ‘रक्कम वादग्रस्त’ अशी नोंद करून, आजवर किती दिले तेही लिहा.

उत्पन्न: हातात येते ते, आणि कापले जाते तेही

पगारपावतीवरचा एकूण पगार आणि हातात येणारी रक्कम, दोन्ही लिहा. मधल्या कपातींची फोड करा. भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर या सक्तीच्या कपाती आहेत. कामगार सोसायटीचा हप्ता ही मात्र कर्जफेड आहे. ती पगारातूनच कापली जाते म्हणून ती खर्च ठरत नाही. ती रक्कम उत्पन्नात परत मिळवा आणि कर्जाच्या पानावर न्या.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ओव्हरटाइमवर घर चालते. तो कधी महिन्याला आठ हजार असतो, कधी दोन महिने शून्य. चांगला महिना धरू नका, वाईटही नको. १२ महिन्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि पावत्या जोडा. ठेकेदाराकडे असाल तर ब्रेक दिलेले दिवसही त्या १२ महिन्यांत यायला हवेत. दिवाळीचा बोनस १२ ने भागून दरमहा लिहा.

पंचवटीत रामकुंडाजवळ किंवा त्र्यंबकेश्वरला फुले, प्रसाद, चहा विकणाऱ्यांची कमाई श्रावणात आणि सुट्ट्यांत वर जाते. तिथेही वर्षाची सरासरीच. पण सिंहस्थातली कमाई बारा वर्षांनी येणारी असते. ती नेहमीच्या सरासरीत मिसळलीत तर न्यायालयाला तुमचे उत्पन्न कायमचे जास्त दिसेल. वेगळ्या ओळीत, ‘अपवादात्मक’ अशी नोंद करून ती दाखवा. लपवायची मात्र नाही.

पत्नीची कमाई दाखवायची का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. कर्ज एकट्या पतीचे असेल तर पत्नीची कमाई तिची आहे. तरी घर दोघांच्या पैशांवर चालत असताना ती रक्कम गाळली, तर खर्च कुठून भागतो याचे उत्तर राहत नाही. वेगळा रकाना करा आणि ती घरात दरमहा किती घालते तेवढेच लिहा. शिलाईकाम, डबे, पापड-मसाले यांतून माल, दोरा, गॅस वजा जाता उरणारी रक्कम धरा. मोठा मुलगा कमावता असेल तर त्याचेही तसेच.

खर्च: बारा महिने एका पानावर

तक्ता महिन्याचा असला तरी हिशोब वर्षाचा करा. घर मोडते ते रोजच्या दुधाने नव्हे. जूनमध्ये वह्या-गणवेश, एप्रिल-मेमध्ये फुगलेले विजेचे बिल, दिवाळी, गाडीचा विमा आणि कुणाच्या तरी घरचे लग्न, या ठरावीक ठिकाणी दरवर्षी नवे कर्ज निघते. म्हणून आधी वर्षातले सगळे एकरकमी खर्च लिहा, १२ ने भागा, आणि मगच रोजच्या खर्चाकडे वळा.

निवारा. भाडे, सोसायटीचा मेंटेनन्स, आणि स्वतःचे घर असल्यास घरपट्टी-पाणीपट्टी. गृहकर्ज असेल तर थोडा वेगळा विचार लागतो. तारण असलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क नादारीच्या आदेशाने थांबत नाही. हप्ता थांबला तर बँक सरफेसी या तारण विकून वसुली करण्याच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन पुढे जाऊ शकते. शिवाय घरात तारणापलीकडे काही किंमत उरत असेल तर ती रिसीव्हरकडे (नादाराची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे) जाते. सिडकोतल्या फ्लॅटचा हप्ता १४ हजार आहे आणि तसाच फ्लॅट भाड्याने ९ हजारांत मिळतो, तर १४ हजार ‘निवारा’ म्हणून टिकवणे अवघड जाते. दोन्ही आकडे लिहून कोणता मार्ग धरणार हे आधी ठरवा.

वीज, गॅस, फोन. विजेची १२ बिले मिळवून भागा. सिलिंडरचे ‘महिन्याला एक’ असे लिहू नका. ४० दिवस पुरत असेल तर वर्षाला ९ लागतात. रिचार्ज ८४ दिवसांचा असेल तर वर्षाला साधारण सव्वाचार वेळा. असे हिशोब पाहिले की वाचणाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

किराणा, दूध, भाजी, दळण. ही तीन महिन्यांच्या वहीतून घ्या. रेशनवर धान्य मिळत असेल तर किराण्यात गहू-तांदूळ दोनदा येत नाही ना, ते बघा. उपासाचे, पाहुण्यांचे, सणाच्या गोडाधोडाचे इथेच घाला.

औषधपाणी. आईवडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठी आणि बिलासह. जेनेरिक औषधे मिळत असतील तर त्यांच्या दराने. मोठ्या दुखण्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाची कागदपत्रे तपासून ठेवा. तरीही दवाखान्यासाठी दरमहा काही रक्कम हवीच. ही ओळ शून्य ठेवलेला तक्ता कुणालाही खरा वाटत नाही.

प्रवास. कामावर जायला गाडी लागते की सिटीलिंकची बस पुरते, हे प्रामाणिकपणे पाहा. रात्रपाळीला बस नसते, हे गाडी ठेवण्याचे पुरेसे कारण आहे. ते तक्त्याखाली एका ओळीत लिहा. पेट्रोल लिटरमध्ये मांडा: रोजचे २२ किलोमीटर, २६ दिवस, गाडीची सरासरी ४८, म्हणजे सुमारे १२ लिटर.

शिक्षण. फी, वह्या-पुस्तके, गणवेश, रिक्षा. महागड्या खासगी क्लासवर प्रश्न येणार हे धरून चाला. दहावी-बारावीचे वर्ष असेल तर तसे लिहा आणि तो खर्च कोणत्या महिन्यात संपणार तेही लिहा.

कपडे, केस, सण, लग्नाचे आहेर. ही ओळ लोक लाजेने गाळतात. गाळू नका. अकरा महिने कुणी नवी चप्पल घेतली नाही असे घर नसते.

न्यायालयाने पोटगी ठरवली असेल तर ती सर्वात वर. पोटगीच्या आदेशाचे देणे, सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली कर्जे विमुक्तीनंतरही माफ होत नाहीत.

शेवटी अडीनडीसाठी एक ओळ, आणि अर्जाचाच खर्च: वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिसा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे आणि १५१०० हा साहाय्यासाठीचा क्रमांक आहे. अंबडच्या कारखान्यातल्या कामगाराने वकिलाच्या फीसाठी नवे कर्ज काढण्याआधी तिथे जाऊन यावे.

एक उदाहरण

आकडे नमुन्यादाखल आहेत. भाड्याच्या घरात पती, पत्नी, दोन मुले आणि आई. पगार ३१,००० रुपये. निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता २९,०००. सोसायटीचा ४,५०० चा हप्ता कापून हातात २४,५०० येतात, पण उत्पन्न लिहायचे ते २९,०००. वर्षाचा बोनस १५,०००, म्हणजे दरमहा १,२५०. पत्नी शिलाईतून घरात घालते ४,५००. एकूण ३४,७५०.

खर्च असा:

- भाडे ८,५००; वीज १,३००; गॅस (वर्षाला ९ सिलिंडर, प्रत्येकी ९००) ६७५; फोन ७००
- किराणा व दळण ६,२५०. दूध (रोज दीड लिटर, ६० रुपयांनी) २,७००. भाजी, फळे, अंडी २,४००
- पेट्रोल १२ लिटर, १०५ रुपयांनी १,२६०. गाडीचा विमा व सर्व्हिसिंग ४००
- फी १,५००. जूनचा खर्च ९,००० भागिले १२, म्हणजे ७५०. शाळेची रिक्षा १,२००
- आईची औषधे १,४००. इतर दवाखाना ६००
- कपडे-चपला ७००, सण-आहेर ८००, केस, केबल ६५०, अडीनडी १,०००

बेरीज ३२,७८५. उरतात १,९६५ रुपये.

आता कर्जाचे पान. वैयक्तिक कर्ज, दोन कार्डे, तीन ॲप, सोसायटी आणि पतसंस्था मिळून दरमहा हप्ते ३२,००० आणि एकूण बाकी ११,४०,०००. व्याज एक रुपयाही न धरता, १,९६५ ने ही बाकी फिटायला ५८० महिने, म्हणजे ४८ वर्षे लागतात. ‘फेडता येत नाही’ हे वाक्य आता आकड्यांनी सिद्ध झाले. अर्जासोबतच्या निवेदनात हा भागाकार जरूर लिहा.

याच उदाहरणात पगारजप्तीचा हिशोबही मांडून ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यात (न्यायालयाच्या वसुलीच्या आदेशात) पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. ३१,००० वर हा हिशोब केला तर १०,००० पर्यंत जप्त होऊ शकतात. घरात उरणार १,९६५ आणि जाणार १०,०००, म्हणजे भाडेसुद्धा निघणार नाही. एकाच हुकूमनाम्यात एकूण २४ महिने कापल्यावर त्या हुकूमनाम्यासाठी पुढची जप्ती थांबते, हेही लक्षात ठेवा.

कमी दाखवलेला खर्च

अनेकांना वाटते की ‘आम्ही किती काटकसरीने राहतो’ हे दिसले की न्यायालयाची सहानुभूती मिळेल. म्हणून किराणा ४,०००, औषधे-दवाखाना ०, सण ०. वरच्या उदाहरणात असे केले तर कागदावर सहा-सात हजार शिल्लक दिसेल. धनको त्या शिल्लकीवर बोट ठेवेल: हे तर दरमहा सात हजार देऊ शकतात. विमुक्तीच्या वेळी तेवढ्याची अट बसली, तर पहिल्याच जूनमध्ये ती मोडेल.

त्याहून वाईट पुढे आहे. खोटा काटकसरीचा तक्ता घरात उधारीने भरून निघतो. आणि नादार जाहीर झालेल्या, विमुक्ती न मिळालेल्या माणसाने ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधारी आपली स्थिती न सांगता घेतली, तर कलम ७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत. आकडा १९२० चा आहे, पण कायद्यात तोच आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातली महिन्याची वहीसुद्धा यात येते. म्हणून अर्जाआधीच उधारीची सवय बंद करून रोखीवर यावे लागते, आणि त्यासाठी तक्त्यातली रक्कम खरोखर पुरेशी असावी लागते.

अर्जाआधीच्या महिन्यांत काय करू नये

मेहुण्याचे उसने आधी फेडून मग अर्ज करायचा, हा विचार माणुसकीचा आहे पण घातक. अर्जाआधीच्या ३ महिन्यांत एका धनकोला झुकते माप दिले, तर ते देणे रद्द ठरू शकते आणि मेहुण्याला पैसे रिसीव्हरकडे परत करावे लागतील. प्लॉट भावाच्या नावे करणे, गाडी मुलाच्या नावावर चढवणे, यांसाठी कायदा २ वर्षे मागे जाऊन पाहतो. झाले असेल तर लपवू नका, वकिलाला सांगा आणि अर्जात लिहा. वह्या नष्ट करणे किंवा माहिती दडवणे यासाठी वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पगार ज्या बँकेत येतो त्याच बँकेचे कर्ज थकले असेल, तर बँक खात्यातले पैसे वळते करून घेऊ शकते. पगार येतो आणि सकाळी खाते रिकामे, मग भाड्यालाही पैसे नाहीत. जिथे काहीच देणे नाही अशा बँकेत किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते उघडा आणि कंपनीच्या कार्यालयात खाते बदलून घ्या. हे खातेही अर्जात दाखवायचेच. जुन्या खात्यातला स्वयंचलित हप्ता दर महिन्याला परत गेला की बाउन्सचा दंड लागत राहतो, तोही कर्जाच्या पानावर वाढतो.

कुणाला पुढच्या तारखेचे चेक दिले असतील तर त्यांची यादी करा. चेक न वटल्याचा खटला नादारीच्या अर्जाने आपोआप थांबेल असे धरून चालू नका. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. फोनची वेळ वहीत टिपून ठेवा.

घरातल्या वस्तू आणि दागिने

मालमत्तेच्या यादीत बाजारात आज मिळेल ती किंमत लिहा, खरेदीची नव्हे. ४२ हजारांचा टीव्ही पाच वर्षांनी सहा हजारांचा असतो. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची मिळणारी रक्कम यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे. शिवणयंत्रावर घर चालत असेल तर त्यापुढे ‘उपजीविकेचे साधन’ असे लिहा.

धार्मिक रिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, जसे मंगळसूत्र, जप्तीबाहेर असतात. पत्नीचे स्त्रीधन तर पतीची मालमत्ताच नाही. पण ते तिचे आहे हे दाखवायला सोनाराच्या पावत्या, लग्नातले फोटो, याद्या लागतात. तिचे दागिने पतीच्या नावे गहाण असतील तर कागद आजच काढून बघा.

शेतकरी कुटुंबाचा तक्ता

द्राक्ष किंवा कांद्यावर चालणाऱ्या घराला महिन्याचा तक्ता शोभत नाही. हंगामाचा करा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन वेळा बागेत पैसा जातो, येतो तो माल निघाल्यावर. कांद्यात खरीप, रांगडा आणि उन्हाळ असे तीन तुकडे पाडा. बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या ३ वर्षांच्या जोडा. एका वर्षाच्या भावावरून काही सिद्ध होत नाही. औषधे, खते, मजुरी हा शेतीचा खर्च घरखर्चात मिसळू नका. सातबारा आणि आठ-अ काढा, सामाईक गटात आपला हिस्सा किती ते लिहा, आणि विकास सोसायटीचे पीककर्ज, बोजा व फेरफार नीट जुळवा.

अर्ज दाखल झाल्यावर

तक्ता दर तीन महिन्यांनी नव्याने करा आणि जुना फाडू नका. भाडे वाढले, मुलगी बारावीतून कॉलेजात गेली, ओव्हरटाइम बंद झाला, की तारीख घालून नोंद आणि पुरावा. नादार जाहीर करणाऱ्या आदेशात विमुक्तीसाठी अर्ज करण्याची मुदत दिलेली असते. ती कॅलेंडरवर लाल शाईने लिहा, कारण ती चुकली तर आदेशच रद्द होऊ शकतो आणि सगळे धनको पुन्हा दारात येतात. विमुक्तीच्या अर्जाला पहिला तक्ता, शेवटचा तक्ता आणि मधली वही अशी तिन्ही जोडा. मालमत्तेतून विनातारण देण्याच्या रुपयामागे ५० पैसेही निघत नसतील, तर ते आपल्या दोषाने झाले नाही हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आजारपणाची बिले, कारखाना बंद झाल्याचे पत्र, गारपिटीचा पंचनामा हे कागद तिथेच लागतात, म्हणून ते पहिल्या दिवसापासून त्याच फाईलमध्ये ठेवा.